शहापूर व मुरबाड तालुक्यांतील रानभाज्या

रानभाज्या म्हणजे पेरणी वा लागवड न करता रानात, माळावर, शेताच्या बांधावर आणि ओढ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पती. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या रोजच्या जेवणाचा भाग असतात. पाने, कोंब, फुले, फळे व कंद अशा विविध रूपांत त्या खाल्ल्या जातात. शहरातील बाजारात या भाज्या हौसेने विकत घेतल्या जातात. मात्र जेथून त्या येतात तेथील अनेक पाड्यांवर घरातील धान्य सरत आलेले असताना जेवणात कालवण म्हणून त्याच असतात. त्यामुळे त्यांचा विचार चवीपुरता मर्यादित न ठेवता पोषणाच्या अंगानेही करावा लागतो.

परिसर आणि लोकजीवन

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व त्याच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूर तालुक्यात माहुलीचा किल्ला, तानसा व भातसा ही धरणे आणि तानसा अभयारण्याचा काही भाग येतो. मुरबाड तालुक्याच्या पूर्वेस माळशेज घाट असून काळू नदी या तालुक्यातून वाहते. येथे पाऊस भरपूर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळातच. रान मुख्यतः पानझडी असून त्यात साग, ऐन, मोह, कुडा व बांबू आढळतात. उन्हाळ्यात कोरडी पडलेली जमीन पहिल्या पावसाने भिजली की जमिनीत दडून राहिलेले कंद व बिया अंकुरतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्तीचा मोठा भाग या दोन तालुक्यांत राहिला. येथे ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांची वस्ती आहे. यांपैकी कातकरी समाजाचा समावेश केंद्र शासनाने विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. आषाढ-श्रावणात भातलावणीचे कष्टाचे काम असते, नवे पीक हाती येण्यास अवधी असतो आणि जुने धान्य संपत आलेले असते. रानभाज्यांचा हंगाम नेमका याच काळात येतो.

हंगामानुसार प्रमुख भाज्या

मोह (मधुका लाँगिफोलिया): मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या वेळी गळतात. त्यांत साखरेचे प्रमाण मोठे असते. वाळवून ठेवलेली फुले भाजून वा शिजवून खातात. फळांची भाजी होते आणि बियांपासून तेल काढतात. या फुलांचा मद्याशी संबंध असल्यामुळे १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात झालेल्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती गोळा करण्यावर व साठवण्यावर निर्बंध आले. मद्य रोखण्याच्या नावाखाली टंचाईच्या काळातील एका अन्नावरही त्यामुळे बंधन आले.

शेवळा (अमॉर्फोफॅलस कम्युटाटस): ही सुरणाच्या गणातील वनस्पती आहे. मे महिन्याच्या अखेरीस व पहिल्या पावसात तिचा तपकिरी-जांभळट फुलोरा जमिनीतून वर येतो. हा फुलोराच भाजी म्हणून वापरतात. पाने नंतर येतात. ठाणे-मुंबई परिसरातील चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू कुटुंबांतही शेवळाचे पदार्थ आवडीने केले जातात.

टाकळा (सेना टोरा): पहिल्या पावसानंतर पडीक जागी व वाटेच्या कडेने दाट उगवतो. फुले येण्यापूर्वीची कोवळी पाने खुडतात. मूगडाळ वा चणाडाळ घालून त्याची भाजी करतात.

फोडशी किंवा कुलू (क्लोरोफायटम प्रजाती): गवतासारख्या लांब पातींची ही भाजी जून-जुलैत मिळते. पातींमध्ये माती अडकलेली असल्याने ती अनेक पाण्यांत धुवावी लागते.

भारंगी (रोथेका सेराटा): कोवळी पाने आणि नंतर फुले खातात. चव कडवट असल्यामुळे पाने उकडून व पिळून घेण्याची रीत आहे.

कुडा (होलॅऱ्हेना प्युबेसेन्स): याची पांढरी फुले व कोवळ्या शेंगा भाजीसाठी वापरतात. याच झाडाची साल आयुर्वेदात कुटज या नावाने अतिसारावर सांगितली आहे.

बांबूचे कोंब: यांना वास्ते असेही म्हणतात. ते जुलै-ऑगस्टमध्ये मिळतात.

कंटोळी किंवा करटोली (मोमॉर्डिका डायोइका): कारल्याच्या गणातील हा वेल आहे. त्याची काटेरी दिसणारी फळे श्रावण-भाद्रपदात येतात. नर व मादी वेल वेगळे असल्याने सर्वच वेलांना फळे धरत नाहीत.

चाईचा मोहर (डायोस्कोरिया पेंटाफिला): कोनफळाच्या गणातील या वेलाचे तुरे पावसाळ्याच्या उत्तरार्धात भाजीसाठी काढतात.

याखेरीज कुरडू, काटेमाठ, घोळ, कवळा, दिंडा व करांदे यांचाही वापर होतो.

पोषणमूल्य

पालेभाज्यांतून कॅल्शियम, लोह, फोलेट, तंतू आणि बीटा-कॅरोटीन मिळते. बीटा-कॅरोटीनचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते. भात हे येथील मुख्य अन्न असून सडलेल्या पांढऱ्या तांदळात या घटकांचे प्रमाण फार कमी असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीची भाकरी आणि तिच्यासोबत पालेभाजी ही जुनी जोडी त्यामुळे पोषणदृष्ट्या भक्कम ठरते.

घोळ ही एरवी तण म्हणून उपटून टाकली जाणारी भाजी आहे. तिच्या पानांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल असते. पालेभाज्यांत ते सहसा इतक्या प्रमाणात आढळत नाही. मात्र घोळीत ऑक्झलेटही बरेच असते आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियमचे शोषण कमी होते. म्हणजेच भाजीत एखादा घटक आहे म्हणून तो सगळा अंगी लागतोच असे नाही.

लोहाचेही तसेच आहे. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. सोबत क जीवनसत्त्व किंवा मासळी असल्यास हे शोषण वाढते. भाजीवर लिंबू पिळणे आणि तीत सुकट वा जवळा घालणे या घरगुती पद्धती या दृष्टीने उपयुक्त आहेत. सुकटीमुळे जेवणात प्रथिनांचीही भर पडते. बीटा-कॅरोटीन मेदात विरघळते, म्हणून भाजीला थोडे तेल असणे आवश्यक आहे.

रानभाज्यांना मर्यादाही आहेत. त्यांत उष्मांक व प्रथिने कमी असल्याने केवळ त्यांच्यावर कुपोषण दूर होत नाही. १९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. रानात भाज्या उगवत होत्या, तरीही मुले दगावली. मुलांना पुरेसे धान्य, डाळ, तेल व अंडी, तसेच मातांना विश्रांती व वैद्यकीय सेवा मिळणे याला पर्याय नाही. गरोदर व स्तनदा आदिवासी मातांना एक वेळचा पूर्ण आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना महाराष्ट्रात २०१५ पासून राबवली जाते. रानभाजी अशा आहाराला पूरक ठरते.

शिजवण्याच्या रीती व त्यांमागील कारणे

अनेक रानभाज्या कच्च्या स्थितीत अपायकारक असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांमुळे घसा खाजतो. म्हणून दांड्याच्या तळाकडील रंगीत भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड (गरुगा पिनाटा) या झाडाची आंबट फळे, चिंच वा आमसूल घालून ती पुष्कळ वेळ शिजवतात. काकडाची फळे शेवळाच्या हंगामातच येतात व बाजारात शेवळाच्या जुडीसोबत विकली जातात.

बांबूच्या कोंबात टॅक्सिफिलिन हा सायनाइड मुक्त करणारा घटक असतो. कोंब बारीक चिरून पाण्यात ठेवणे, उकळणे व ते पाणी फेकून देणे या क्रमाने तो निघून जातो. कडू कंदही चिरून, राख घालून उकडतात किंवा वाहत्या पाण्यात ठेवतात. भाजी उकडून पिळल्याने कडवटपणा व विद्राव्य ऑक्झलेट कमी होते, पण क जीवनसत्त्व व फोलेटही काही प्रमाणात वाया जाते. म्हणून ज्या भाजीला उकडण्याची गरज नाही ती उकडून पाणी टाकू नये.

सावधगिरी

ओळख पटल्याशिवाय कोणतीही रानवनस्पती खाऊ नये. याच रानात उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विष असून ते प्राणघातक ठरू शकते. पुस्तकातील वा भ्रमणध्वनीवरील चित्रावरून केलेली ओळख पुरेशी नसते, जाणत्या स्थानिक व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ऑक्झलेटयुक्त भाज्या बेताने खाव्यात. महामार्गालगतच्या व तणनाशक फवारलेल्या जागेवरील भाजी घेऊ नये. मधुमेह, संधिवात वा कर्करोग बरा होतो असे दावे या भाज्यांविषयी केले जातात. एखाद्या वनस्पतीचा औषधी उपयोग परंपरेत सांगितला असला, तरी तिची भाजी खाणे हे उपचार घेण्यासारखे नसते. अशा दाव्यांवर विसंबून चालू औषधे बंद करू नयेत.

बाजार, ऱ्हास आणि संवर्धन

पावसाळ्यात वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा या स्थानकांवरून आदिवासी स्त्रिया लोकलने कल्याण-ठाण्याकडे भाजी नेतात. मुरबाड तालुक्यात रेल्वे नसल्याने तेथील भाजी रस्त्याने कल्याणला जाते. विक्री जुडी व वाट्यावर होते. पहाटेपूर्वी रानात जाणे, निवडणे, जुड्या बांधणे व प्रवास या श्रमांच्या मानाने मिळणारा मोबदला थोडा असतो. जागतिक आदिवासी दिनाच्या (९ ऑगस्ट) सुमारास कृषी विभागातर्फे विविध जिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवले जातात.

मागणी वाढल्याने काही भाज्यांवर ताण येतो. शेवळाचा फुलोराच खुडला जात असल्याने त्याला बी धरत नाही. फोडशी मुळासकट उपटल्यास पुढील वर्षी ती त्या जागी येत नाही. पाती वरून कापणे आणि काही फुलोरे राखणे हे त्यावरील साधे उपाय आहेत. पहिली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही, अशी रीत काही पाड्यांवर आहे. तिच्यामुळे रोपांना वाढण्यास थोडा अवधी मिळतो. महामार्ग, औद्योगिक क्षेत्रे व शेतघरांचे भूखंड यांमुळे माळराने आक्रसत आहेत, तर तणनाशकांमुळे बांधावरील टाकळा, कुरडू व माठ नाहीसे होत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही आहे.

रानभाज्यांचे ज्ञान मुख्यतः स्त्रियांकडे असते व ते रानात सोबत नेऊन पुढच्या पिढीला दिले जाते. कोणती भाजी कोठे उगवते, केव्हा खुडावी आणि कशी शिजवावी या तीन गोष्टी एकत्र कळल्या तरच ती भाजी अन्न म्हणून उपयोगी पडते. यांतील शिजवण्याची रीत विसरली गेल्यास शेवळासारखी वनस्पती रानात असूनही खाण्याजोगी राहत नाही.