घटसर्प, कंठसर्पी, खुनाक

आमच्या सीमेवरच्या गावांत एकाच दुखण्याला चार नावे आहेत. मराठीत घटसर्प, तेलुगूत कंठसर्पी, कानडीत गंटलमारी आणि निजामी अमलातल्या हकिमांच्या उर्दूत खुनाक. दोन नावांत साप आहे, एकात मारी आहे आणि चौथ्याचा अर्थच गळा आवळणे. आमच्या शेतकऱ्यांनी तर गुरांच्या गळसुजीलाही घटसर्पच म्हटले. तो जंतू निराळा, पण गळा सुजून श्वास कोंडण्याची तऱ्हा तीच.

या रोगाच्या इतिहासात मी शिरलो तो माझ्या मामामुळे. मी त्याला पाहिलेले नाही. १९४६ साली तो सहा वर्षांचा असताना त्याचा घसा धरला. घशात करड्या रंगाची साय चढली, ती पुसू गेले की रक्त येई. वैद्याचे दोन काढे आणि तीन दिवस गेल्यावर आजोबा त्याला धर्माबादहून मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला घेऊन गेले. शहरातल्या एका दवाखान्यात मोठी सुई टोचली. साय सुटली, श्वास मोकळा झाला, आठवड्याने पोर घरी आले. "याला उठू देऊ नका," एवढे डॉक्टरांनी बजावले होते. घरी आल्याच्या पाचव्या दिवशी पहाटे तो तांब्याकडे जायला उठला आणि तिथेच कोसळला. सुईने पोराचे काळीज थांबवले, हा आजीचा निवाडा मरेपर्यंत बदलला नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात पुढची तीस वर्षे कुणाच्या दंडाला सुई लागली नाही.

आजीचा निवाडा चुकीचा होता. पण तिला पडलेले कोडे खरे होते. दुखणे घशात, मग काळीज कसे थांबले? जर्मनीत हेच कोडे फ्रीडरिश लोफ्लरला पडले होते. एडविन क्लेब्सने १८८३ साली या सायीत पाहिलेला जंतू लोफ्लरने १८८४ साली वेगळा वाढवला. प्राण्याला टोचल्यावर जंतू सापडत ते टोचल्या जागीच, आणि बिघाड मात्र दूरच्या अवयवांत. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांद्र येरसँ यांनी जंतू वाढवलेले पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळले की त्यात एकही जंतू राहिला नाही. ते टोचताच प्राणी मेले. म्हणजे जंतू घशातच बसून राहतो. प्रवास करते ते त्याचे विष.

हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याचे दोन भाग. एक भाग पेशीच्या दाराशी कडी शोधून चिकटतो, पेशी त्याला अजाणता आत ओढून घेते आणि मग दुसरा भाग सुटा होऊन आत निसटतो. पेशीत प्रथिने विणण्याचे काम अखंड चालू असते. त्या मागातला एक सुटा भाग हा विषकण कायमचा निकामी करतो. माग थांबला की पेशी मरते. एका पेशीला असा एकच कण पुरतो, हे जपानी संशोधकांनी १९७८ साली दाखवले. घशातली साय म्हणजे मेलेल्या पेशींचाच थर. रक्तातून विष हृदयाच्या स्नायूंत आणि मज्जातंतूंत गेले की दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, घसा बरा दिसत असताना, हृदय दगा देते. मामाचे तेच झाले.

आणि ती सुई? बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवले की विष टोचून सरावलेल्या जनावराच्या रक्तद्रवात ते विष मारणारे द्रव्य असते. मग घोडे पाळून तो द्रव काढू लागले. आजही तो घोड्यांच्याच रक्तातून मिळतो, तेलंगणात आणि आपल्या महाराष्ट्रातही. मात्र तो पकडतो ते वाटेतले विष. पेशीत शिरलेल्याला तो हात लावू शकत नाही. पेनिसिलिन जंतू मारते, विष नाही. तेव्हा मामाच्या बाबतीत हिशेब सुईचा नव्हता, तीन दिवसांचा होता.

घशात बसून विष सोडणारा दुसरा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. त्याची रीत अधिक दांडगी. त्याचे स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचे विष पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटते, कित्येक रेणू कडे करून बसतात आणि आवरणाला सरळ भोक पडते. सांधे धरलेल्या मुलाची डॉक्टर 'एएसओ' तपासणी करायला सांगतात, ती या विषाविरुद्ध शरीराने केलेल्या तयारीची मोजणी. हृदयाच्या झडपा खराब होतात त्या मात्र आपल्याच प्रतिकारशक्तीच्या गफलतीने; जंतूच्या अंगावरचे प्रथिन आणि झडपेतले प्रथिन यांतले साम्य तिला फसवते. गंमत अशी की याच जंतूचे स्ट्रेप्टोकायनेज नावाचे द्रव्य रक्ताची गुठळी विरघळवते, आणि हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स व भारत बायोटेक या कंपन्यांनी ते हृदयविकाराच्या झटक्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले.

हैदराबादला नल्लाकुंट्यात साथीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. त्याला नाव रोनाल्ड रॉसचे, ज्याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. लोक मात्र त्याला 'कोरंटी' म्हणतात. क्वारंटाइनचे दखनी जिभेवर झालेले रूप. घटसर्प इतिहासजमा झाला असे मी धरून चाललो होतो. लस तर रामाँने १९२३ मध्येच शोधली होती, आणि १९८५ पासून आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण आहे. पण २००३ ते २००६ या वर्षांत हैदराबादेत हा रोग ठाण मांडून होता, असे तिथल्या पाहणीत दिसले. तान्ह्या मुलांपेक्षा ५ ते १९ वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. चार किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्यांना लशीने वाचवले होते. पहिल्या तीन मात्रा आई मांडीवर घेऊन देते; नंतरच्या राहून जातात, आणि दहा-पंधरा वर्षांच्या मुलीला सुई देण्याची आठवण कुणाला होते? आता दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताच्या सुईतच घटसर्पाची मात्रा घालतात.

हे सारे मी आईला सांगितले. मामा गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. विषाचे, मागाचे, घोड्यांचे तिने नीट ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे तांब्या त्याच्या उशाशी ठेवला असता तर?"