बिनतारी मायक्रोफोन संच : केळशीसारख्या गावातील ध्वनिव्यवसायासाठी निवड

बोलणाऱ्याचा आवाज तारेऐवजी रेडिओलहरींवरून मिक्सरपर्यंत नेणाऱ्या जोडीला बिनतारी मायक्रोफोन संच म्हणतात. मांडववाले आणि साऊंडवाले त्याला सरसकट ‘कॉर्डलेस’ म्हणतात. जोडीतला एक भाग प्रक्षेपक : तो हातातल्या माइकच्या दांड्यात किंवा कमरेला लावायच्या डबीत असतो. दुसरा भाग रिसीव्हर, जो मिक्सरला जोडलेला असतो. शूअर या अमेरिकन कंपनीने १९५३ मध्ये ‘व्हॅगाबाँड’ हा कलाकारांसाठीचा बिनतारी माइक बाजारात आणला. कोकणातल्या गावांत मात्र हा माइक भाड्याच्या सामानात रुळला तो बऱ्याच उशिरा, स्वस्त संच मिळू लागल्यावर. दापोली तालुक्यात, भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वसलेल्या केळशीसारख्या गावात ध्वनिव्यवसायाची मिळकत वर्षभर सारखी नसते. चैत्रातला महालक्ष्मीचा उत्सव, याकूबबाबांच्या दर्ग्याचा उरूस, शिमगा, गणपती आणि मे महिन्यातली लग्ने या थोड्या दिवसांत वर्षाचे भाडे मिळवायचे असते. नेमक्या याच दिवसांत गावात माणसे, मोबाइल आणि शेजारच्या मांडवातले माइक यांची सर्वाधिक गर्दी असते. म्हणून संच निवडताना त्याची परीक्षा उत्सवाच्या दिवशीच्या हवेवर व्हायला हवी, एरवीच्या रिकाम्या हवेवर नव्हे. वारंवारता बदलता येणारे, एकमेकांशी जुळणारे, थोडेच पण चांगले संच घ्यावेत आणि उरलेले काम तारेच्या माइकवर ठेवावे, हे मत या नोंदीत मांडले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे मुंबई-पुण्याचे प्रश्न आहेत, गावाची हवा मोकळीच असते. त्यात तथ्य आहे. दूरदर्शनने आपली अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली आणि मार्च २०२२ नंतर देशात ती मोजकीच राहिली. त्यामुळे जुन्या टीव्हीच्या पट्ट्याचा मोठा भाग कोकण किनाऱ्यावर शांत आहे. पण मोबाइलचे गणित गावाच्या विरोधात जाते. हँडसेट आपली शक्ती टॉवरच्या अंतराप्रमाणे कमी-जास्त करतो. टॉवर जवळ असला की तो हळू बोलतो. सिग्नल अशक्त असला की कमाल शक्ती लावतो, आणि ही कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॅट असते. भाड्याच्या सामानातल्या बिनतारी माइकची शक्ती बहुधा १० ते ३० मिलिवॅट. डोंगर आणि माडांच्या वाड्यांमध्ये दबलेल्या गावात उत्सवाला आलेले चाकरमानी मांडवात बसून व्हिडिओ पाठवू लागले की त्यांचे फोन माइकपेक्षा कित्येक पट जोराने प्रक्षेपण करतात, तेही रिसीव्हरपासून काही हातांवरून. दुपारी रिकाम्या मांडवात स्वच्छ चाललेला माइक रात्री नाटकाच्या पहिल्या अंकात खरखरू लागतो तो बऱ्याचदा यामुळे. दोष माइकच्या जाळीत किंवा मिक्सरमध्ये शोधून उपयोग होत नाही.

म्हणून खरेदीत सर्वात आधी पाहायचा तो रिसीव्हरच्या पाठीमागे छापलेला वारंवारतेचा पट्टा. भारतात मोबाइल सेवेच्या ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात हँडसेट ७०३ ते ७४८ वर प्रक्षेपण करतात आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात हा पट्टा रिलायन्स जिओने देशातल्या सर्व २२ परिमंडळांसाठी घेतला. त्याच्या वर, ८२४ ते ८४९ मध्ये, पुन्हा हँडसेटच बोलतात. बाजारातले पुष्कळ स्वस्त यूएचएफ (म्हणजे काही शे मेगाहर्ट्झवर चालणारे) संच नेमके ७०० ते ८३० च्या दरम्यान चालतात. दुकानात ते उत्तम वाजतात, कारण दुकानात हजार माणसे नसतात. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेला अमेरिकी वापराचा संचही याच कारणाने तपासून घ्यावा. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झमधील माइक १२ जून २०१० पासून बंद झाले आणि ६०० मधील बराचसा भाग १३ जुलै २०२० पर्यंत मोकळा करावा लागला, त्यामुळे तिथे निरुपयोगी झालेला माल स्वस्त असतो. आपल्याकडे ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मांडला गेला होता, पण बोली आली नाही. तो पुन्हा मांडला जाणारच नाही असे धरून चालणे धाडसाचे ठरेल. म्हणून ४७० ते ६०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालणारा संच आज केळशीत सर्वात सुरक्षित वाटतो. कायद्याची बाजूही इथेच येते. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत रेडिओयंत्रे सरकारी नियमनाखाली आहेत. परवान्याशिवाय वापरता येणारे पट्टे सरकार अधिसूचनेने ठरवते. यूएचएफ माइकला सरसकट मोकळीक आहे असे समजू नये. विक्रेत्याकडून यंत्रप्रकाराच्या मंजुरीचा कागद मागून घ्यावा. जो विक्रेता तो देऊ शकत नाही, त्याच्याकडे पट्ट्याबद्दलची माहितीही बहुधा नसते.

दुसरी गोष्ट वारंवारता बदलता येण्याची. एका डब्यात एक रिसीव्हर आणि चार माइक, असा स्थिर वारंवारतेचा संच भाड्याच्या धंद्यात फार खपतो. चार माइक एका किमतीत, ही त्याची ओढ. त्याचा तोटा पहिल्या वर्षी कळत नाही. धंदा वाढला म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा संच आणला की दोन्हींच्या वारंवारता त्याच निघू शकतात, आणि एका मांडवातला माइक दुसऱ्या रिसीव्हरवर उमटतो. शेजारच्या वाडीतल्या साऊंडवाल्याकडे तोच डबा असला तरी हेच होते. गणपतीत एका वाडीत भजन आणि पलीकडे भाषण असताना हे अंतर काही शे फुटांचे असते. वारंवारता बदलता येत असेल तर दोघे व्यावसायिक दोन मिनिटांत बोलून मार्ग काढू शकतात. नसेल तर एकाला माइक बंद ठेवावा लागतो.

वारंवारता बदलता येणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. दोन प्रक्षेपक एकाच वेळी चालू असले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून नव्या लहरी तयार होतात. एक माइक ५२० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२०.८ वर असेल तर ५१९.२ आणि ५२१.६ या ठिकाणी त्यांची अनाहूत अपत्ये दिसतात. तिसरा माइक नेमका ५२१.६ वर लावला तर तो स्वतः निर्दोष असूनही घुसमटतो. दोन माइकांपासून अशा प्रकारच्या २ लहरी निघतात, चारांपासून १२ आणि आठांपासून ५६. तीन-तीन माइकांच्या मिश्रणातून निघणाऱ्या लहरी यात धरलेल्याच नाहीत. माइकांची संख्या दुप्पट केली की त्रास दुपटीने वाढत नाही, चौपटीहून अधिक वाढतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र केले की हे गणित हाताने सोडवावे लागते. एकाच मालिकेतल्या संचांत कंपनीने हे गट आधीच आखून दिलेले असतात. ग्रुप आणि चॅनल लावले की काम भागते. म्हणून पहिला संच घेतानाच पुढचे तीन कोणत्या मालिकेतले असतील हे ठरवून टाकावे. सेनहायझरच्या ईडब्ल्यू-डी मालिकेचा पट्टा ५६ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि तीत माइक ६०० किलोहर्ट्झच्या समान अंतरावर लावता येतात. शूअरच्या एसएलएक्स-डीचा पट्टा ४४ मेगाहर्ट्झपर्यंत आहे. दोन्ही डिजिटल आहेत. डिजिटल माइकचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार या यंत्रांना लागू पडत नाही. ईडब्ल्यू-डीचा विलंब १.९ मिलिसेकंद आहे, आणि तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम ६५ सेंटिमीटर जातो. खरा फरक बिघडण्याच्या पद्धतीत आहे. अ‍ॅनालॉग माइक आधी खरखरून सूचना देतो, तर डिजिटल एकदम मुका होतो. म्हणून डिजिटल संच चालवणाऱ्याने सिग्नलच्या पट्टीवर नजर ठेवायची सवय लावून घ्यावी.

मग २.४ गीगाहर्ट्झचे संच का नकोत, असे विचारले जाते. ते परवान्याच्या कटकटीतून मुक्त आहेत आणि हलकेही असतात. शाळेचे स्नेहसंमेलन, हळद, सभागृहातली बैठक यांसाठी ते घ्यायला हरकत नाही. मोठ्या उत्सवाला मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. याच पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ चालते, व्हिडिओवाल्याचे बिनतारी कॅमेरासामान आणि लोकांचे हॉटस्पॉटही इथेच. शिवाय वारंवारता जितकी उंच तितके माणसाचे शरीर आणि ओली पाने लहरी अधिक शोषतात. केळशीतला मांडव माडा-पोफळींच्या सावलीत असतो आणि गणपतीत ती पाने भिजलेली असतात. यूएचएफ लहरी या अडथळ्यांतून तुलनेने चांगल्या निघतात. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटिमीटर लांब असते, २.४ गीगाहर्ट्झची साडेबारा. पत्र्याच्या छपराखाली लहरी परावर्तित होऊन एखाद्या जागी एकमेकींना मारतात, त्यावर दोन अँटेनांचा डायव्हर्सिटी रिसीव्हर हाच उपाय. एका अँटेनाचा रिसीव्हर भाड्याच्या धंद्यात घेऊच नये. रिसीव्हर मांडवाच्या मागे मिक्सरपाशी ठेवण्यापेक्षा रंगमंचाच्या कडेला, माणसांच्या डोक्यांवर, माइक नजरेस पडेल असा ठेवावा आणि तिथून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड तार टाकावी. हे फुकट होणारे काम महाग अँटेनाच्या तोडीचे ठरते.

सर्वात ठोस आक्षेप गिऱ्हाइकाचा आहे. यजमान विचारतो, कॉर्डलेस किती आहेत. शेजारचा आठ सांगतो आणि आपण चार सांगितले तर काम जाते. याचे उत्तर कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. कीर्तनाला बिनतारी एकच लागतो, कारण बुवांच्या हातात झांज किंवा चिपळ्या असतात आणि पाय थिरकत असतात. पेटी, तबला आणि साथीदार जागचे हलत नाहीत, त्यांना तारेचा माइक अधिक चांगला. उत्सवी नाटकाला रंगमंचाच्या कडेवरचे तारेचे माइक आणि प्रमुख पात्रांना दोन-तीन हेडसेट पुरतात. कबड्डीच्या समालोचकाला बिनतारी माइकची गरजच नाही. दोन हातातले आणि दोन कमरेच्या डबीचे, असे चार चॅनल आणि वर एखादा सुटा प्रक्षेपक, एवढ्यात केळशीतली बहुतेक कामे निभतात. वाचलेल्या पैशांत चांगल्या तारा आणि हेडसेट घ्यावेत. कीर्तनासारख्या कामात फरक तिथेच दिसतो. अंगरख्याला टाचलेला कॉलर माइक तोंडापासून साधारण २४ सेंटिमीटरवर असतो आणि झांज त्याच्या समोरच वाजते. आवाज चढवावा तर आधी झांज कडाडते, मग माइक शिट्टी मारतो. हेडसेटचा माइक गालापाशी, ३ सेंटिमीटरवर येतो. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. २४ चे १२, १२ चे ६ आणि ६ चे ३, म्हणजे जवळपास १८ डेसिबल काहीही न चढवता मिळतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस वापराची मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. शेवटच्या रांगेला भोंगे न वाढवता शब्द ऐकू जावेत, यासाठी चांगला हेडसेट दोन जादा माइकांपेक्षा अधिक कामाचा आहे. हे यजमानाला एकदा ऐकवून दाखवले की माइकांच्या संख्येचा आग्रह बराच सैल होतो.

किनाऱ्यावरच्या धंद्याला आणखी एक खर्च आहे : खारा वारा. दापोली परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरून ओलसर वारा येतो. माइकचा कप्पा उघडला की पहिला बळी दिसतो, सेलची स्प्रिंग. मे महिन्यातल्या शेवटच्या लग्नानंतर अल्कलाइन सेल आत तसेच राहिले, तर गणपतीआधी स्प्रिंगवर पांढरी, कडेला हिरवट बुरशीसारखी साय चढलेली असते. सेलमधून पाझरलेल्या क्षाराची ती असते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. कप्पा घट्ट बंद होणारा, स्प्रिंग सहज बदलता येणारी आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा संच याच कारणाने पसंत करावा. कंपनीचीच खास बॅटरी लागणारा संच शहरात सोयीचा असतो. गावात चार्जर बिघडला तर ऐन उत्सवात तो पडून राहतो. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. काही जुन्या संचांचा दिवा १.५ व्होल्टच्या हिशेबाने लागत असल्यामुळे तो अर्ध्यातच लाल होतो, म्हणून सेलचा प्रकार निवडण्याची सोय यंत्रात आहे का ते पाहावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर वीज परत यायला जो काळ लागला, तो पाहता दुकानातून विकत आणता येणाऱ्या सेलवर चालणे हा गुण मोठा आहे. पावसाळ्यात सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह संच बंद डब्यात ठेवावेत.

दुरुस्तीचा विचार किमतीच्या आधी करावा. संच बिघडला तर तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेला जातो आणि उत्सवाचा आठवडा तेवढ्यात संपतो. १९४० पासून ध्वनिसामान बनवणाऱ्या दिल्लीच्या आहुजा कंपनीचे सामान गावोगाव टिकून राहिले, याचे एक कारण त्याचे सुटे भाग आणि ते उघडू जाणणारे कारागीर जवळपास मिळतात हे असावे. महाग परदेशी संच घेताना हा आधार मिळत नाही, तेव्हा तो स्वतः उभा करावा लागतो. माइकची जाळी, डबीची क्लिप, अँटेना आणि विशेषतः हेडसेटची तार संचासोबतच जादा घ्यावी. ही तार कमरेच्या डबीत शिरते त्या पिनेपाशी सर्वात आधी तुटते. पात्र पोशाख बदलताना ती तिथेच ओढली जाते, आणि घाम तिथेच साचतो.