चिप न वाचता हरवलेलं यंत्र: २०१० चं ईव्हीएम प्रकरण आणि हार्डवेअर रिव्हर्स इंजिनिअरिंग

रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हटलं की बहुतेकांना सॉफ्टवेअर आठवतं. पण तयार चिप उघडून तिच्या आत काय आहे हे शोधणं, हीसुद्धा हार्डवेअर सिक्युरिटीतली एक मोठी शाखा आहे. या विषयात पीएचडी करायचा विचार असेल तर आपल्या राज्याशी जोडलेलं एक प्रकरण माहीत असायलाच हवं. ते २०१० मधलं, मुंबईच्या एका ईव्हीएमचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. चिप वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं? वरचं काळं प्लास्टिकचं आवरण फ्युमिंग नायट्रिक ॲसिडने काढतात, याला डिकॅप करणं म्हणतात. मग एकेक थर घासून काढायचा, प्रत्येक थराचे मायक्रोस्कोपखाली फोटो घ्यायचे, ते जोडायचे आणि त्यावरून गेट्स व वायरिंग ओळखून सर्किट पुन्हा मांडायचं. प्रोग्राम मास्क रॉममध्ये असेल तर त्याचे शून्य आणि एक चिप बनतानाच तिच्या रचनेत कोरले जातात. काही प्रकारच्या रॉममध्ये ते थेट दिसतात, काहींमध्ये रसायनाने रंग द्यावा लागतो.

ही पद्धत जगभर गाजली ती मायफेअर क्लासिक कार्डामुळे. बस-मेट्रोची तिकिटं, ऑफिसची दारं अशा ठिकाणी चालणारं हे कार्ड क्रिप्टो-१ नावाच्या गुप्त अल्गोरिदमवर अवलंबून होतं. कार्स्टन नोल, हेन्रिक प्लोट्झ, स्टारबग आणि डेव्हिड इव्हान्स यांनी कार्ड ॲसिटोनमध्ये विरघळवून चिप बाहेर काढली, थर घासले, फोटो काढले आणि अल्गोरिदम शोधून काढला. हे काम डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनला मांडलं गेलं आणि २००८ मध्ये पेपर आला. की होती फक्त ४८ बिटची. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाचा याच कार्डावरचा पेपर थांबवण्यासाठी एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली, पण कोर्टाने प्रकाशनाला परवानगी दिली.

आता आपल्याकडे येऊ. ईव्हीएम बंगळूरची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या दोन सरकारी कंपन्या बनवतात. २००४ च्या लोकसभेपासून देशभर मतदान याच यंत्रांवर होतं. मुंबई असो की समुद्रपूरच्या शाळेतलं मतदान केंद्र, बटण दाबल्यावर मत कंट्रोल युनिटमध्ये जमा होतं. निवडणूक आयोगाचा मुख्य मुद्दा असा, की प्रोग्राम चिपमध्ये कायमचा कोरलेला आहे, तो बदलता येत नाही आणि बाहेरून वाचताही येत नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये एका अनामिक व्यक्तीने हैदराबादचे इंजिनिअर हरिप्रसाद यांना अभ्यासासाठी एक खरं ईव्हीएम दिलं. त्यांच्यासोबत मिशिगन विद्यापीठातले जे. ॲलेक्स हाल्डरमन, नेदरलँड्सचे रॉप गोंग्रिप आणि इतर काही जण होते. यंत्र उघडल्यावर आत ओळखीच्याच गोष्टी निघाल्या: एक मायक्रोकंट्रोलर, मतं साठवायला दोन ईईप्रॉम चिप आणि आकडे दाखवणारा एलईडी डिस्प्ले.

आणि इथे या कामाची खरी गंमत आहे. त्यांचे दोन्ही हल्ले मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम न वाचताच यशस्वी झाले. पहिल्यात त्यांनी हुबेहूब दिसणारा डिस्प्ले बोर्ड बनवला. त्यात एक लपवलेला मायक्रोकंट्रोलर आणि ब्लूटूथ रेडिओ होता. मोबाईलवरून सूचना दिली की निकालाचे आकडे बदलून दिसत. दुसऱ्यात खिशात मावेल असं छोटं उपकरण ईईप्रॉमवर चिमट्यासारखं लावलं, की साठवलेली मतंच बदलता येत. मतांवर एन्क्रिप्शन नव्हतं. म्हणजे कुलूप भक्कम होतं, पण भिंतीत खिडकी उघडी होती.

आयोगाचं म्हणणंही नीट समजून घेतलं पाहिजे. प्रयोगशाळेत यंत्र हातात घेऊन उघडणं वेगळं आणि सील, मॉक पोल, पहारा, पक्षांचे प्रतिनिधी या सगळ्यांतून ते साधणं वेगळं. हा युक्तिवाद पोकळ नाही. आणि अमुक निवडणूक अशी फिरवली गेली, असं पेपरने सिद्ध केलेलं नाही; तो त्याचा विषयही नव्हता. पेपरचा प्रश्न एवढाच होता: यंत्राला हात लावायची संधी मिळालेल्याला काय काय करता येईल?

यानंतर जे झालं ते संशोधकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी साठ्यातून चोरीला गेल्याची तक्रार झाली. २१ ऑगस्ट २०१० रोजी पोलिसांनी हरिप्रसाद यांना हैदराबादच्या घरून अटक करून मुंबईला आणलं. यंत्र देणाऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही. आठवड्याभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी पेपर एसीएमच्या सीसीएस परिषदेत आला आणि हरिप्रसाद यांना इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा पायोनियर पुरस्कार मिळाला.

कायदा काय म्हणतो? भारताच्या सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन कायद्यात (२०००) वैज्ञानिक मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन किंवा अध्यापनासाठी केलेलं काम लेआउटचं उल्लंघन मानलं जात नाही. पण ही सूट फक्त चिपच्या लेआउटपुरती आहे. नमुना तुमच्याकडे कसा आला, हा प्रश्न त्यात सुटत नाही, आणि हरिप्रसाद प्रकरण तिथेच अडकलं. बाजारात विकत मिळणाऱ्या कार्डावर काम करणारा आणि सरकारी कुलपातल्या यंत्रावर काम करणारा, दोघांचं तंत्र एकच असेल, जोखीम मात्र एक नाही.

पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत पहिल्यांदा व्हीव्हीपॅट वापरलं गेलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी नोंद आवश्यक ठरवली. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लेखी मागणी केल्यास मतदारसंघातल्या ५ टक्के यंत्रांमधली बर्न्ट मेमरी तपासून घेण्याची सोय दिली. तपासणी करणार मात्र उत्पादक कंपनीचेच इंजिनिअर. बाहेरून वाचता न येणाऱ्या चिपमध्ये मंजूर झालेलाच प्रोग्राम आहे, हे त्रयस्थाने कसं पडताळायचं? न वाचता येणं हल्लेखोराला अडवतं, तसंच तपासणाऱ्यालाही अडवतं.

मला विचाराल तर संशोधनाचा प्रश्न इथेच आहे: चिप नष्ट न करता, तिचं गुपित न उघडता, तिची पडताळणी करता येईल का? हार्डवेअर ट्रोजन शोधणारे गट जगभर याच्याच आसपास काम करत आहेत. प्रपोजल लिहिताना तीन गोष्टी पहिल्याच पानावर मांडा: तुमचा हल्लेखोर कोण आणि त्याच्या हातात काय आहे, नमुना कुठून कायदेशीर मार्गाने मिळणार, आणि दोष सापडला तर तो आधी कोणाला कळवणार. गाइडशी या तिन्हींवर बोलणं झालं नसेल, तर मायक्रोस्कोपचं बुकिंग थोडं थांबू द्या.