दिलेले मंडल, मागितलेले मंडल

इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला महाराष्ट्रातील विद्यापीठांत दीर्घकाळ एक विषय असत आला आहे : 'नेटवर्क अ‍ॅनालिसिस अँड सिंथेसिस'. मराठी विश्वकोशाने 'सर्किट'ला 'मंडल' म्हटले. त्या परिभाषेत हे विद्युत् मंडलांचे विश्लेषण आणि संश्लेषण. साहित्याच्या अभ्यासकाला हे दोन्ही शब्द परके नाहीत. मात्र त्यांना जोडणारा 'आणि' फसवा आहे. विश्लेषणात मंडल दिलेले असते, त्याचे वर्तन काढायचे असते. उत्तर सामान्यतः एकच. संश्लेषणात वर्तन दिलेले असते, तसे वागणारे मंडल रचायचे असते. उत्तरे अनेक असतात, किंवा एकही नसते. हा फरक ज्या इतिहासातून उमगतो, तो वर्गात क्वचितच सांगितला जातो.

विश्लेषणाची परंपरा जुनी. ओहमचा ग्रंथ १८२७चा. किरखॉफने आपले दोन नियम १८४५ साली मांडले तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. फ्रेंच तारखात्यातील अभियंता थेवेनिन याचा सिद्धान्त १८८३चा. या सर्वांचा प्रश्न एकच होता : समोर तारांचे जाळे आहे, त्यात कोठे किती धारा वाहते? वाचकासमोर संहिता असावी, तसे मंडल समोर होते.

प्रश्न उलटा झाला तो दूरध्वनीमुळे. एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवायची, तर प्रत्येकाला वेगळा कंप्रतापट्टा द्यावा लागतो आणि तेवढाच पट्टा जाऊ देणारी गाळणी लागते. अमेरिकेत कॅम्बेल आणि जर्मनीत वाग्नर यांनी १९१५च्या सुमारास अशा गाळण्या स्वतंत्रपणे रचल्या. आता वर्तन आधी ठरत होते आणि मंडल नंतर यायचे होते. १९२४ साली फॉस्टरने केवळ कॉइल आणि कॅपॅसिटर यांच्या मंडलांपुरते या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले. दोन वर्षांनी बर्लिनच्या विल्हेल्म काउअरने आपल्या प्रबंधात निराळी वाट दाखवली. फॉस्टरची रीत आंशिक अपूर्णांकांची, काउअरची परंपरित अपूर्णांकांची, म्हणून त्याची मंडले शिडीसारखी दिसतात. एकाच सूत्रातून चार रचना निघतात. बाहेरून चौघींचे वागणे तंतोतंत सारखे, आतील बांधणी मात्र वेगळी. काउअर एप्रिल १९४५मध्ये, युद्ध संपायला काही दिवस उरले असता, बर्लिनमध्ये सोव्हिएत सैनिकांच्या गोळीला बळी पडला.

याहून मूलगामी प्रश्न दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत शिकायला गेलेल्या ऑटो ब्रूनने सोडवला : कोणते वर्तन मुळात शक्य आहे? स्वतः ऊर्जा निर्माण न करणारे मंडल गणिताच्या एका विशिष्ट अटीत बसणारच. आणि त्या अटीत बसणाऱ्या प्रत्येक सूत्राचे मंडल रचता येते, हे त्याने १९३१ साली सिद्ध केले. त्याच्या रचनेला आदर्श ट्रान्सफॉर्मर लागत असे, आणि असा ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात मिळत नाही. १९४९ साली राऊल बॉट आणि रिचर्ड डफिन यांनी अगदी छोट्या टिपणात ती गरज दूर केली. किंमत म्हणून घटकांची संख्या बरीच वाढली. पुढे बॉट संस्थितिशास्त्रातील मोठा गणिती झाला.

ही सारी पंचवीस वर्षांची झेप आपल्या प्रश्नपत्रिकेत कशी उतरते? 'दिलेल्या सूत्राची फॉस्टरची दोन व काउअरची दोन रूपे काढा.' चार आकृत्या, ठरलेले गुण. अनेक उत्तरांचे शास्त्र एका ठरीव उत्तरात बसवले जाते. १९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावातून मुलगा शेगाव, अमरावती किंवा नागपूरला अभियांत्रिकीसाठी जातो. शाळेत शिकलेले 'विद्युतधारा', 'विभवांतर', 'रोध' हे शब्द तेथे गळून पडतात आणि नवे शब्द पाठ करता करता वर्ष सरते. २०२१पासून काही महाविद्यालयांना मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा मिळाली आहे. परंतु शब्द बदलले आणि प्रश्न तेच राहिले, तर बदल भाषांतरापुरताच उरेल.

खरे तर संश्लेषण त्या मुलाने घरी पाहिलेले असते. शेतातली मोटार तीन फेजची, वीज आली एकाच फेजवर. पीक डोळ्यांदेखत सुकते आहे. अशा वेळी कॅपॅसिटर जोडून मोटार फिरवण्याची युक्ती गावोगावच्या वायरमनला ठाऊक असते. कॅपॅसिटर धारेची वेळ पुढे सरकवतो आणि नसलेल्या फेजचे सोंग उभे राहते. हवे ते वर्तन आधी, त्यासाठीची जोडणी नंतर : हे संश्लेषणच. पण कॅपॅसिटरचे मूल्य मोटारीवरच्या भाराशी जुळले नाही, तर वेटोळ्यांतील धारा विषम होतात, वेटोळी तापतात आणि मोटार जळते. तेथे विश्लेषणावाचून तरणोपाय नसतो. वायरमनजवळ रचनेचे धाडस आहे, पदवीधराजवळ तपासणीचे गणित. ज्या अभ्यासक्रमाच्या नावात हे दोन्ही शेजारी बसवले आहेत, त्यानेच त्यांची गाठ घालून द्यायला हवी.

आणि हे शास्त्र संपलेलेही नाही. २००२ साली केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी 'इनर्टर' नावाचा यांत्रिक घटक मांडला. तो यांत्रिक रचनेत कॅपॅसिटरची जागा घेतो. त्यामुळे विद्युत् मंडलांचे सिद्धान्त वाहनांच्या सस्पेन्शनला जसेच्या तसे लागू झाले. गाडीखाली घटकांची गर्दी परवडत नाही. त्यामुळे बॉट-डफिन यांच्या मंडलांत कमीत कमी किती घटक पुरतील, हा मागे पडलेला प्रश्न पुन्हा संशोधकांसमोर आला. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर चार आकृत्या काढून झाल्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे : पाचवी रचना असेल का, आणि ती याहून साधी असेल का?