चातुर्वर्ण्याचे शरीरशास्त्र आणि मांडीतली नस

ज्या देशात माणसाची किंमत शरीराच्या अवयवांवरून ठरवली गेली, त्या देशात शरीरशास्त्राचा इतिहास हा केवळ डॉक्टरांचा विषय राहत नाही. पुरुषसूक्ताने विराट पुरुषाच्या मुखाशी ब्राह्मणाला, बाहूंशी क्षत्रियाला आणि ऊरूंशी म्हणजे मांड्यांशी वैश्याला बसवले. शूद्राला पायांतून जन्माला घातले. अतिशूद्राला तर या देहात जागाच दिली नाही. म्हणून आज आपण एकच अवयव घेऊ, मांडी. ती खरोखर कशी आहे आणि हे ज्ञान आपल्यापर्यंत यायला इतका उशीर का झाला, ते पाहू.

आधी विज्ञान. मांडीच्या पुढच्या भागाला चालवणारी मुख्य नस म्हणजे ऊरुचेता. दवाखान्यात तिला फीमरल नर्व्ह म्हणतात. कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांपाशी निघणाऱ्या मुळांपासून ती बनते, पोटाच्या मागच्या बाजूच्या सोअस स्नायूतून उतरते आणि जांघेतल्या बंधाखालून मांडीत शिरते. तिथे बाहेरून आत अशी रांग असते: आधी नस, मग धमनी, मग नीला. जांघेत बोट ठेवल्यावर ठोके लागतात ते धमनीचे. नस त्याच्या किंचित बाहेर असते. मांडीत येताच तिला फाटे फुटतात आणि ते पुढच्या मोठ्या स्नायूंना हुकूम देतात. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात पैलवान बैठक मारून उठतो, गुडघा सरळ करतो, तो याच नसेच्या जोरावर. मग तो पैलवान मराठा असो, मुसलमान असो की महार.

या नसेचा एक फाटा मात्र मांडीत थांबत नाही. तो गुडघ्याच्या आतल्या अंगाने, पोटरीवरून, घोट्यापुढे पावलाच्या आतल्या कडेपर्यंत जातो. त्या कडेला काटा टोचला तर त्याची बातमी मांडीतल्या याच नसेतून कण्याकडे जाते. मांडी आणि पाऊल यांच्यात सूक्ताने जी भिंत घातली, ती प्रत्यक्ष देहात नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: "अहो, ते रूपक आहे, शब्दशः काय घेता?" ठीक आहे. पण रूपकावरून कुणाला शिक्षण नाकारता येते का? कुणाचे पाणी तोडता येते का? महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या या जन्मकथेची साध्या शरीरधर्माच्या प्रश्नांनी खिल्ली उडवली, कारण तिचे परिणाम रूपकात्मक नव्हते. आपल्या कोल्हापुरात तर खुद्द राजालाच हा अनुभव आला. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नान करताना पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतो हे उघड झाले. कारण काय, तर छत्रपती शूद्र! ज्याच्या हातात राज्य होते त्यालाही त्यांनी बाहूवरून उतरवून पायाशी बसवले. मग गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा?

आता दुसरा दावा बघू: "शस्त्रक्रिया तर आमच्या सुश्रुताने जगाला दिली." सुश्रुतसंहिता हा मोठा ग्रंथ आहे, हे मान्य करायला आपल्याला अडचण नाही. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, असे तो सांगतो. मांडीच्या मधोमध 'ऊर्वी' आणि तिच्या वर, जांघेखाली 'लोहिताक्ष' ही मर्मे तो नोंदवतो. लोहिताक्षाला इजा झाली तर लुळेपणा येतो हेही तो लिहितो. जागा अचूक आहे. पण कारण तो रक्तक्षयाचे देतो. रक्त वाहणारी नळी आणि संवेदना वाहणारी नस यांची आज आपण करतो तशी फोड तिथे नाही.

ही फोड पुढच्या पिढ्यांना करता आली असती. त्यासाठी प्रेताला हात लावत राहायला हवे होते. पण मनुस्मृतीने प्रेत आणि प्रेताला शिवणारा, दोघांच्याही स्पर्शाला विटाळ ठरवले. वैद्याचे अन्न खाऊ नये असे सांगितले. बेवारस प्रेत वाहून नेण्याचे काम चांडाळाच्या माथी मारले. आणि सुश्रुतातही काहींचे मत म्हणून नोंद आहे की चांगल्या कुळातल्या शूद्राला शिकवावे, पण मंत्र वगळून आणि उपनयन न करता. पंचगंगेच्या घाटावर जे घडले त्याचे मूळ असे जुने आहे.

युरोपातही एकेकाळी प्राध्यापक उंच आसनावर बसून पोथी वाचत आणि खाली न्हावी प्रेत चिरत असे. व्हेसालियस आसनावरून खाली आला, स्वतः सुरी हातात घेतली आणि १५४३ साली त्याने मानवी देहावरचा ग्रंथ छापला. आपल्याकडे पोथीवाला खाली उतरलाच नाही. मेलेल्या जनावराचे कातडे काढणाऱ्या ढोर, चांभार, महारांच्या हातांना तांत कुठे आणि शीर कुठे हे ठाऊक होते, पण त्या हातांना अक्षर दिले नाही. ज्याच्याकडे अक्षर होते त्याला स्पर्श चालत नव्हता. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनीही हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात विज्ञानाच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून जातीकडेच बोट दाखवले आहे. मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्यात प्रेतावर सुरी चालवली तेव्हा १८३६ साल उजाडले होते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला सुरू झाले.

पण कॉलेज निघाले म्हणून विटाळ गेला नाही. दवाखान्यात अस्पृश्याची नाडी पाहायची कुणी? या प्रश्नाला कायद्याने हात घातला तो कोल्हापूर संस्थानाने. १९०२ च्या २६ जुलैला नोकऱ्यांत मागासांना पन्नास टक्के जागा देणाऱ्या शाहू महाराजांनी १९१९ साली वैद्यकीय खात्याला हुकूम दिला: दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्यांना मिरजेच्या अमेरिकन मिशनमध्ये वागवतात तसे सन्मानाने वागवा. ज्याला हे जमणार नाही त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. महाराजांनी डॉक्टरांच्या मनपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली.

बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात पुरुषसूक्ताचीच उलटतपासणी केली. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी देहाची मोजमापेच पुढे ठेवली आणि दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. विरोधकांचे हत्यार त्यांनी विरोधकांवरच उलटवले.

आज कोल्हापुरात शाहू महाराजांच्याच नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी टेबलावरच्या मांडीत ऊरुचेता शोधतो. ते टेबलावरचे शरीर कुणाचे? १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय संस्थांना देण्याची सोय केली. आता देहदान वाढले आहे, पण बेवारस कोण मरतो हे सांगायला संशोधन लागत नाही. गरीब मरतो, फुटपाथवरचा मरतो. आणि शवागारात ते शरीर उचलणारे हात बहुतेक ठिकाणी आजही आपल्याच वस्त्यांतले असतात.

म्हणून राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या पोरीला कुणी "मेरिट"वरून टोमणा मारला, तर त्याला हा इतिहास सांगा. या विद्येसाठी देह आपण दिला, प्रेत आपण वाहिले, विटाळ आपण सोसला. फक्त सुरी आपल्या हातात नव्हती. ती आज आली आहे, ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, हक्काने.

जय भीम! जय शाहू!