वसईच्या चित्रनकाशामागचा हात

वसईच्या किल्ल्यात आज पडक्या भिंती आणि वाढलेली झाडेच दिसतात. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला घेतला, त्याच्या शंभरएक वर्षे आधीची वसई पाहायची तर १६३५ साली गोव्यात तयार झालेल्या एका पोर्तुगीज हस्तलिखिताकडे वळावे लागते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मकावपर्यंतच्या पोर्तुगीज ठाण्यांची वर्णने त्यात आहेत आणि सोबत रंगीत चित्रनकाशे. चौल आहे, वसई आहे, गोवा तर आहेच. या नकाशांत तटबंदी आभाळातून पाहिल्यासारखी पसरते, पण आतली घरे आणि चर्चे मात्र समोरून पाहिल्यासारखी ताठ उभी असतात. ग्रंथ आंतोनियो बोकारो याच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या नावाखाली चित्रकार झाकला गेला, ही मला मोठी अन्यायाची गोष्ट वाटते. बोकारो गोव्याचा दप्तरदार आणि इतिहासकार होता. कागदपत्रे चाळून लिहिणे हे त्याचे काम. नकाशे पेद्रू बार्रेतु द रेझेंद याचे, आणि हा व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशचा चिटणीस.

याचा मुख्य पुरावा रेझेंदचाच आहे. १६४६ च्या आपल्या प्रतीत, जी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्याने नकाशे स्वतःचे आणि किल्ल्यांची वर्णने बोकारोची असे सांगितले. अकरा वर्षांनी स्वतःबद्दल केलेला दावा कशाला मानायचा, असे कुणी विचारेल. पण फुकटचे श्रेय लाटणारा माणूस मजकुराचे श्रेय दुसऱ्याला कशाला देईल? त्या एका कबुलीमुळेच मला त्याचा शब्द खरा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चिटणिशीच्या कामात गुंतलेला माणूस मोंबासा, मस्कत, मलाक्का स्वतः पाहून आला असेल हे पटत नाही. शिवाय मलाक्क्यात जन्मलेला नकाशाकार मानुएल गोदिन्यु द एरेदिया याच्या नावावर सांगितला जाणारा किल्ल्यांचा नकाशासंग्रह याच्या आधीचा आहे. म्हणजे रेझेंदसमोर जुने आराखडे असणे अगदी शक्य आहे. मी हे मान्य करतो, पण त्यामुळे त्याचे काम हिरावले जात नाही. जागेवर मोजमाप घेणे वेगळे आणि ठिकठिकाणचे कागद गोळा करून त्यांना एका शैलीत बसवणे वेगळे. मूळ रेघ कुणा अनाम माणसाची असेल, कदाचित अनेकांची. तरी घर कसे काढायचे, तटाचा बुरूज किती ठळक दाखवायचा, हे सगळ्या पानांवर एकाच नजरेने ठरलेले दिसते, आणि ती नजर रेझेंदची. म्हणून वसईचे पान छापताना खाली फक्त ‘बोकारो’ लिहिणे अपुरे आहे. मजकूर बोकारोचा, नकाशा रेझेंदचा, असे दोन्ही तिथे लिहायला हवे.