शब्दवेध : वळतं

पावसाळा सरला की कर्जत-खालापुरातली कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हंगामाच्या शेवटी वही उघडते आणि उचल मजुरीतून वळती होते. ‘वळतं’ हे ‘वळणे’चंच रूप, मुळाशी संस्कृत ‘वल्’. पैसा हाती न येताच बाजू बदलतो.

संरक्षणखरेदीतला ‘ऑफसेट’ मला याचा चुलतभाऊ वाटतो. फक्त तिथे वळतं करून घेतं ते गिऱ्हाईक! २००५च्या धोरणानुसार ३०० कोटींवरच्या खरेदीत परदेशी विक्रेत्याने ३० टक्क्यांइतकं काम भारताकडे वळवायचं. २०१६मध्ये ही मर्यादा २,००० कोटींवर गेली. राफेलसाठी तर ५० टक्के ठरले. नागपूरच्या मिहानमधला कारखाना त्यातूनच आला. २०२०मध्ये सरकारा-सरकारांतल्या सौद्यांतून ही अटच काढली. भट्टीवरची वही अजून उघडते.